निमसेबाईंची पुडी

निमसेबाई कुणाला हात दाखवत नसत. ज्योतिषाला तर नाहीच, ते त्यांच्या तत्त्वातच बसत नव्हतं; पण आम्हा सहशिक्षकांनाही नाही. स्टाफरूममध्ये बसल्या की दोन्ही हात पदराखाली, मांडीवर. चहा आला की सगळ्यांचा पिऊन होईपर्यंत थांबायच्या आणि मग कप दोन्ही तळव्यांत धरून, खिडकीकडे तोंड करून प्यायच्या. नव्याने रुजू झालेल्या एका सरांना वाटलं, बाई गर्विष्ठ आहेत, चारचौघांत चहा पीत नाहीत. खरं सांगायचं तर सुरुवातीला मलाही तसंच वाटलं होतं.

आमची शाळा शहापूरहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर. मी शहापुरात राहायचे, बाई सापगावात. लग्न त्यांनी केलं नव्हतं. आई होती तोवर आईबरोबर, आई गेल्यावर एकट्या. सापगावच्या फाट्यावर त्या उभ्या असायच्या आणि माझ्या स्कूटरवर मागे बसायच्या. रस्ताभर बोलणं चालू. मी मराठी शिकवायचे, त्या विज्ञान. वयाने माझ्यापेक्षा पंधराएक वर्षांनी मोठ्या, त्यामुळे मला नावानेच हाक मारायच्या. वर्गात शुद्ध पुस्तकी बोलणाऱ्या बाई स्कूटरवर बसल्या की एकदम गावच्या व्हायच्या. "सुजाता, हळू गो. मना अजून मरायचा नाय."

मुलांनी त्यांचं नाव ठेवलं होतं ‘कशावरूनबाई’. हा त्यांचा लाडका प्रश्न. मुख्याध्यापक म्हणाले, यंदा दहावीचा निकाल चांगला लागेल, की बाई विचारणार, "कशावरून?" शिपाई म्हणाला, आज पाऊस पडणार, की "कशावरून रे?" त्यात कुत्सितपणा नसायचा. त्यांना खरंच उत्तर हवं असायचं आणि समोरच्याने आकाशाकडे बोट दाखवून चार शब्द सांगितले की त्या खूश व्हायच्या. नववीतला एक मुलगा रोज उशिरा यायचा आणि एसटी बंद पडली म्हणून सांगायचा. बाईंनी त्याला एकदा "कशावरून?" विचारलं. दुसऱ्या दिवशी तास चालू असताना वर्गाच्या दारात तो मुलगा उभा आणि त्याच्या मागे खाकी कपड्यांतला कंडक्टर. "बाई, गाडी खराच बंद पडली व्हती काल. पोराला बोलू नका." मुलं हसून हसून लोळली. बाईंनी कंडक्टरला स्टाफरूममध्ये नेऊन चहा पाजला आणि मुलाला म्हणाल्या, "शाब्बास. पुरावा असा आणायचा."

याच प्रश्नाला एक दुसरी बाजूही होती. सातवीतल्या एका मुलीला कावीळ झाली. तिची आजी, हिराबाई, हिने तिला कुठूनतरी काविळीची माळ आणून घातली. मुळ्यांच्या तुकड्यांची माळ असते ती. दिवसागणिक लांब होत जाते आणि लोक समजतात, कावीळ उतरतेय. पालकसभा होती. बाईंनी मुलीला पुढे बोलावलं, तिच्या गळ्यातली माळ काढली आणि टेबलावर ठेवून सगळ्यांना दाखवलं की मुळ्या वाळतात, गाठी सैल होतात आणि दोरा मोकळा होतो म्हणून माळ वाढते. कावीळ असो नसो, खुंटीला टांगली तरी वाढेल. बाईंनी समजावलं फार छान. पण समजावताना त्या हिराबाईकडे वळून म्हणाल्या, "कशावरून घातली ही माळ? कोणाला विचारलंत? पोर मेली असती तर?" सभागृहात गावातली सगळी माणसं. हिराबाई डोक्यावरचा पदर पुढे ओढून उभी राहिली. मुलगी औषधाने बरी झाली. हिराबाई मात्र पुन्हा शाळेची पायरी चढली नाही. आम्हाला त्या दिवशी बाईंचा अभिमानच वाटला होता.

बाईंचं दुखणं बोटांपासून सुरू झालं. सकाळी उठल्यावर मूठ वळेना. दहा-अकरा वाजेपर्यंत बोटं मोकळी व्हायची, मग दिवस बरा जायचा. त्यांनी हे बराच काळ कुणाला सांगितलं नाही. फळ्यावरचं त्यांचं अक्षर मोठं, सुटं, बघत राहावं असं होतं. ते वेडंवाकडं व्हायला लागलं तेव्हा बाईंनी वर्गात जाहीर केलं, "आता फळ्यावर तुम्हीच लिहायचं. मी सांगेन, तुम्ही ऐकून लिहा." आम्हाला ती शिकवण्याची नवी पद्धत वाटली. मुख्याध्यापकांनी बैठकीत तिचं कौतुकही केलं.

एकदा स्कूटरवरून उतरताना त्यांनी आधारासाठी माझा खांदा धरला आणि कळवळल्या. मी हात पाहिला. मनगट सुजून टम्म झालेलं, बोटं मुळापासून करंगळीच्या बाजूला कललेली. मी काही बोलायच्या आत त्यांनी हात पदराखाली घेतला.

"बाई, डॉक्टरला दाखवलंत का?"

"दाखवते."

"कधी?"

"तू काय माझी आई लागून गेलीस?" म्हणाल्या, पण पुढच्या सुट्टीत माझ्याबरोबर आल्या. शहापूरच्या डॉक्टरांनी ठाण्याच्या सांध्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्या डॉ. केतकी. तरुण, गंभीर चेहऱ्याच्या. त्यांनी सांगितलं, हा आमवात. म्हातारपणी गुडघे झिजतात तो हा नव्हे. यात शरीराची रोगाशी लढणारी यंत्रणा आपल्याच सांध्यांवर उलटते. आठवड्यातून एकदाच घ्यायची एक गोळी त्यांनी लिहून दिली आणि गुण यायला दोन-तीन महिने लागतील म्हणाल्या. बाईंनी अर्थातच विचारलं, "कशावरून?" डॉक्टरांनी कागदावर आकृती काढून समजावलं. येताना बाई म्हणाल्या, "हुशार आहे पोरगी."

पण ती गोळी त्यांना मानवली नाही. गोळी घेतली की दुसरा दिवस मळमळीत जायचा. केस कंगव्यात यायला लागले. आणि बोटं होती तशीच. हे सगळं मला खूप नंतर कळलं. एका सकाळी म्हणे त्यांना ब्लाउजचे हुक लावता येईनात. शाळेची वेळ झालेली. शेवटी शेजारच्या नव्या सुनेला हाक मारावी लागली. "ती पोरगी हसली नाही गो," बाई मला सांगत होत्या. "हसली असती तर बरं झालं असतं. तिने माझ्याकडे बघितलंच नाही. लहान पोराचं करावं तसं भराभर हुक लावले आणि गेली."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मुरबाडजवळच्या म्हसा गावची, म्हशाची जत्रा आली. दरवर्षी पौषात आमची शाळा जत्रेत एक टेबल मांडायची. भोंदूबाबा लिंबातून रक्त कसं काढतात, हळदीवर चुन्याचं पाणी पडलं की लाल कसं होतं, हे आमची मुलं लोकांना करून दाखवायची. कल्पना बाईंचीच. त्या वर्षी दुपारी बाई मला म्हणाल्या, "मी जरा बैलबाजार बघून येते." बाईंना बैलांचं काय कौतुक, असा प्रश्न मला पडला नाही. त्या बऱ्याच वेळाने आल्या. हातात काही नव्हतं. खांद्याला पिशवी होती, ती रोजचीच.

पंधरा दिवसांत बाईंचं रूप पालटलं. एके दिवशी त्यांनी चहाचा कप सरळ कानाला धरून उचलला आणि आमच्यात बसून प्यायल्या. मी इतकी आनंदले की ओरडलेच. फळ्यावर पुन्हा त्यांचं अक्षर दिसायला लागलं. ठाण्याला गेलो तर डॉ. केतकीही खूश. रक्ताच्या तपासणीत सूज उतरलेली दिसत होती. बाहेर बसलेल्या पेशंटांना त्या बाईंकडे बोट दाखवून म्हणाल्या, "यांच्याकडे बघा. शिस्तीत गोळ्या घेतात म्हणून फरक पडलाय." बाई खाली मान घालून चपला शोधत होत्या. मला वाटलं, संकोचल्या.

अशी दोनेक वर्षं गेली. बाई दर महिन्याला एका रविवारी मुरबाडला बहिणीकडे जायच्या. चेहरा गोल गरगरीत झाला. गाल लाल. गावातल्या बायका म्हणायच्या, "बाई, तुमची तब्येत मस्त सुधारली." मीही म्हणायचे. हातांवर कुठेही जरा आपटलं की काळेनिळे डाग पडायचे, ते तेवढे पुन्हा पदराखाली गेले.

मग ती कपाटाची गोष्ट झाली. प्रयोगशाळेचं लोखंडी कपाट दमटपणाने घट्ट बसलं होतं. बाईंनी दार ओढलं आणि पाठीत काहीतरी कट्कन वाजल्यासारखं झालं. त्या तिथेच खाली बसल्या. मी गेले तर चेहरा पांढराफटक. एक्स-रेमध्ये दिसलं, मणका चेपला होता. दार ओढल्याने मणका चेपला! बाईंनी पन्नाशी नुकती ओलांडली होती.

डॉ. केतकींनी एक्स-रे बराच वेळ पाहिला. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाल्या, "बाई, तुम्ही विज्ञान शिकवता म्हणून नीट सांगते. हाड म्हणजे दगड नव्हे. शरीर रोज थोडं जुनं हाड मोडतं आणि रोज थोडं नवीन बांधतं. मोडताना जे तुकडे पडतात ते रक्तात येतात. बांधताना जे उरतं तेही रक्तात येतं. आपण दोन्ही मोजू शकतो. त्यावरून कळेल, तुमचं मोडणं जास्त झालंय की बांधणं कमी पडतंय."

"हे चांगलं आहे," बाई म्हणाल्या. पाठीला पट्टा बांधलेला, पण डोळ्यांत वर्गातली चमक. मी त्यांना इतकं मनापासून कुतूहल वाटलेलं शेवटचं तेव्हा पाहिलं.

रक्त सकाळी लवकर, उपाशीपोटी द्यायचं होतं, म्हणून शहापुरातच दिलं. तिथे एसटी स्टँडजवळ संदेशची लॅब आहे. संदेश आमच्याच शाळेचा विद्यार्थी, बाईंचा लाडका. त्याच्याकडे मनीषा नावाची बाई रक्त काढायची. तिशीतली, मुरबाडकडच्या एका गावाहून रोज एसटीने येणारी. हात इतका हलका की सुई कधी गेली ते कळायचं नाही. संदेश नमुने बर्फात घालून मुंबईच्या मोठ्या लॅबला पाठवायचा.

रिपोर्ट घेऊन आम्ही ठाण्याला गेलो. डॉक्टरांनी तो पुन्हा पुन्हा वाचला.

"मोडणं वाढलंय. आमवात जोरात असला तर ते वाढतं. पण तुमची सूज तर खाली आहे. आणि बांधणं..." त्या थांबल्या. "बांधणं जवळजवळ बंद पडल्यासारखं आहे. आमवाताने एवढं होत नाही. बाई, तुम्ही दुसरं काही औषध घेता का? आयुर्वेदिक, गावठी, काहीही? त्यात कधीकधी स्टेरॉइड मिसळलेलं असतं. त्याने दुखणं लगेच थांबतं, पण हाडाची बांधणी बंद पडते."

"नाही," बाई म्हणाल्या.

"नक्की?"

"मी? मी असलं काही घेईन?" बाईंचा आवाज चढला. आणि मग त्यांनी ते वाक्य म्हटलं, जे मला आजही ऐकवत नाही. "लॅबवाल्यांकडूनच काहीतरी झालं असणार. गावातली लॅब. तिथली बाई नमुना कुठेही ठेवून देते."

डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "असेल," म्हणाल्या. "उष्णता लागली तर आकडे चुकू शकतात. पुन्हा द्या. या वेळी आणखी एक तपासणी लिहिते." आणि माझ्यासमोरच त्यांनी संदेशला फोन लावून सांगितलं की नमुन्याची हेळसांड झाल्याचा पेशंटला संशय आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही लॅबमध्ये गेलो. बाकांवर माणसं बसलेली. संदेश आतून आला, बाईंच्या पाया पडला आणि मग मनीषाकडे वळला. "बघ, या माझ्या बाई. यांच्या नमुन्याची तू वाट लावलीस. ठाण्याच्या डॉक्टरांनी मला फोन करून सुनावलं. बर्फ घातला होतास का?"

"घातला व्हता, सर."

"मग आकडे असे कसे आले? माझ्या लॅबचं नाव खराब झालं. तुला जमत नसेल तर उद्यापासून येऊ नको."

"सर, मी बरोबरच घेतला व्हता हो. लगेच बर्फात घातला." ती रडायला लागली. रडतच तिने बाईंच्या दंडाला पट्टा बांधला. तरी सुई नीट गेली. "बाई, दुखला नाय ना?"

बाई समोरच्या भिंतीकडे बघत राहिल्या. कापूस दाबून धरला, उठल्या आणि माझ्या पुढे चालत बाहेर आल्या. मी स्कूटर काढली. बाई बसेनात. पाठ दुखत असेल म्हणून मी आधार द्यायला गेले.

"सुजाता, मला परत आत जायचंय."

"काही विसरलात का?"

त्या आत गेल्या. मी मागोमाग. बाकांवरच्या माणसांच्या मधोमध उभ्या राहून त्यांनी हाक मारली, "संदेश." वर्गात मारायच्या तशी.

"काय बाई?"

"तिला बोलू नको. नमुना बरोबर होता. पहिलाही बरोबरच होता. मी सांधेदुखीची पुडी घेते. म्हशाच्या जत्रेत एक माणूस बसतो, त्याच्याकडची. दर महिन्याला मुरबाडला जाऊन आणते. दोन वर्षं झाली. डॉक्टरांची गोळी मी विकत आणते आणि टाकून देते. मला माहीत होतं आकडे असे का आले. डॉक्टरांनी विचारलं तेव्हाच कळलं होतं."

संदेश खाली बघत होता. ज्या बाईंनी त्याला सूक्ष्मदर्शकातून पहिल्यांदा रक्ताची पेशी दाखवली, त्यांच्याकडे बघायचं कसं हे त्याला कळत नव्हतं. "बाई, बसा ना," एवढंच म्हणाला. बाकावरच्या एका म्हाताऱ्याने आपल्या बायकोच्या कानात काहीतरी सांगितलं. मला स्वतःला तिथून पळून जावंसं वाटलं. मी बाईंची मैत्रीण आहे हे कुणाला दिसू नये असं त्या क्षणी वाटून गेलं, आणि ते वाटल्याचीही लाज वाटली.

बाई मनीषासमोर गेल्या. "मी तुझं नाव घेतलं. डॉक्टरांसमोर. मला माफ कर."

मनीषा नळीवर चिठ्ठी चिकटवत होती. तिने डोळे पुसले आणि हळूच म्हणाली, "बाई, माझी सासू पन तीच पुडी घेते. आमी काय बोलनार? चालते-फिरते ना ती."

येताना सापगावचा पूल आला तेव्हा मागून आवाज आला, "जगातल्या प्रत्येकाला मी कशावरून विचारलं. त्या माणसाला एकदाही नाही विचारलं गो. पुडीत काय आहे, ते मला चार दिवसांत कळलं होतं. एवढा लवकर गुण कशाने येतो, ते मला माहीत नाही होय? पण हात चालत होता. मला उत्तरच नको होतं." स्कूटर चालवताना मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. बरंच झालं.

डॉ. केतकींना त्यांनी स्वतः जाऊन सांगितलं. दुसऱ्या नमुन्यात ते दिसलंच होतं; बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिल्याने शरीर स्वतः जे तयार करतं ते जवळजवळ थांबलेलं होतं. डॉक्टर रागावल्या नाहीत. पहिल्यांदा काय म्हणाल्या तर, "स्टेरॉइड आज एकदम बंद करायचं नाही. जिवावर बेतेल. पुडीऐवजी मी त्याचीच मोजून मापून गोळी देते, ती हळूहळू कमी करू." मग आमवाताचं औषध बदललं, हाडांसाठी वेगळं सुरू केलं. आणि शेवटी म्हणाल्या, "पहिल्या गोळीचा त्रास होतोय का, हे मीही कधी खोदून विचारलं नाही. रिपोर्ट चांगले दिसत होते ना." बाई त्यावर म्हणाल्या, "तुमची काही चूक नाही. तुम्ही विचारलं असतं तरी मी खोटंच सांगितलं असतं."

ती गोळी कमी होत गेली तसं दुखणं परत आलं. बाईंनी तीन महिने रजा घेतली. त्या रजेतच त्यांनी मला एकदा फोन केला, "मला हिराबाईकडे ने."

हिराबाई अंगणात भात वाळवत होती. बाईंना बघून उठली, घरातून खुर्ची आणली. बाई बसल्या नाहीत. "हिराबाई, पालकसभेत मी तुम्हाला सगळ्यांसमोर बोलले. माझं चुकलं."

"कवाची गोष्ट ती, बाई."

"मी पण तुमच्यासारखंच केलं. पुडी घेतली. तुम्ही नातीसाठी केलंत, मी स्वतःसाठी. आणि वर लपवलं."

हिराबाईने हातातलं भात सुपात टाकलं. तिच्या गावात ही बातमी पोचली असणारच, पण तिने तसं दाखवलं नाही. "बाई, तुमी तवा बोलला ते खराच व्हता," ती म्हणाली. "माझी नात जगली ती तुमच्यामुलं. पन चार मान्सांत बोलायला नको व्हता. मना बाजूला घेऊन सांगितला असता तर मीच माळ तोडली असती. मी काय तिची वैरीन व्हते?" मग बाईंच्या हातांकडे बघत म्हणाली, "लय दुखतं का वो?"

"हो," बाई म्हणाल्या. इतकी वर्षं त्यांच्याबरोबर हिंडले, पण दुखतं असं त्या कुणाला सांगताना मी ऐकलं नव्हतं. हिराबाईने त्यांना कोरा चहा दिला. कपाला कान होता, पण तो धरण्याइतकी बोटं वळत नव्हती. बाईंनी दोन्ही तळव्यांत कप धरला आणि तिच्यासमोरच प्यायल्या.

रजा संपवून बाई शाळेत आल्या तेव्हा पुन्हा पौष जवळ आला होता. मुख्याध्यापकांनी आडून आडून सुचवलं की यंदा जत्रेचं टेबल नको, तब्येत बरी नाही तुमची. त्यांना काय म्हणायचंय ते बाईंना कळलं. त्या म्हणाल्या, "टेबल नको तर नको. पण जत्रेआधीचा माझा तास मी घेणार." मी मागच्या बाकावर जाऊन बसले. त्यांनी लिंबू आणलं नव्हतं, हळद आणली नव्हती. टेबलावर दोन्ही हात उघडे ठेवून त्यांनी मुलांना सगळं सांगितलं. पुडीचं, गोळ्या टाकून दिल्याचं, मणक्याचं, मनीषाचं. मनीषाचं सांगताना अडखळल्या आणि पाणी प्यायल्या.

मग पुढच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. धीट होती ती. "बाई, पण पुडीत तेच होतं, कशावरून?"

दोन-तीन मुलं दचकून तिच्याकडे बघायला लागली. बाई तिच्याकडे बघून हसल्या. "माझ्या रक्तावरून," म्हणाल्या आणि तिलाच फळ्यापाशी बोलावून हाड मोडणं-बांधणं याची आकृती तिच्या हाताने काढून घेतली. आमच्या शाळेत मी पाहिलेला तो सगळ्यात चांगला तास. तरीही तास संपल्यावर बाई स्टाफरूममध्ये आल्या नाहीत. मागच्या पायऱ्यांवर एकट्याच बसून राहिल्या आणि मीही तिकडे गेले नाही.

गावात बोलणारे बोललेच. "मोठी विज्ञानवाली" म्हणून कुणीतरी भाजीच्या गाडीपाशी हसलं, ते बाईंनी ऐकलं. पण दुसरंही काहीतरी सुरू झालं. संध्याकाळी त्यांच्या घरी बायका यायला लागल्या. मागच्या दाराने. पदरात पुडी बांधून. "बाई, ही बघा ना जरा. यात पन तसलाच हाय का?" बाई त्यांना सांगायच्या की मला नुसतं बघून कळत नाही, तपासावं लागतं, पण एकदम सोडू नका, आधी डॉक्टरला खरं सांगा. डॉक्टरांना काय सांगायचं याची त्या बायकांकडून उजळणी करून घ्यायच्या. मनीषाची सासू सगळ्यांत आधी आली. तिला घेऊन मनीषाच आली होती.

वर्षभराने बाईंच्या रक्तात नव्या हाडाची बांधणी पुन्हा दिसायला लागली. चेपलेला मणका काही वर आला नाही, बोटंही सरळ झाली नाहीत. मुदतीआधीच त्यांनी निवृत्ती घेतली आणि मुरबाडला बहिणीजवळ राहायला गेल्या. मग भेटणं कमी झालं.

गेल्या थंडीत आईची साखर तपासायला मी संदेशच्या लॅबमध्ये गेले होते. बाकांवर गर्दी होती. कोपऱ्यात बाई बसलेल्या दिसल्या, उंचीने कमी झालेल्या, थोड्या वाकलेल्या. तपासणीसाठीच आल्या असणार. मी हाक मारणार तेवढ्यात लक्षात आलं, त्या शेजारच्या बाईशी बोलताहेत. अनोळखी होती ती. पन्नाशीची, मुरबाडकडची वाटत होती. चेहरा बाईंचा पुडीच्या दिवसांत होता तसा गोल, गाल लालभडक, दोन्ही हात शालीत गुंडाळलेले. आतल्या खोलीच्या दारातून मनीषा तिला विचारत होती, "मावशी, दुसरं काही औषध चालू हाय का?" आणि ती बाई जमिनीकडे बघत मानेनेच नाही म्हणत होती.

निमसेबाई तिच्याकडे सरकल्या. त्यांनी हळू आवाजात बोलून भागलं असतं. पण मनीषालाही ऐकू जायला हवं होतं, म्हणून भरल्या बाकांमध्ये स्पष्ट म्हणाल्या, "मी पण घ्यायची पुडी. दोन वर्षं घेतली. आणि डॉक्टरला नाही म्हणून सांगितलं."

सगळी माणसं वळून बघायला लागली. बाईंच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या आणि तो लाल रंग गळ्यापर्यंत उतरला. हे त्यांनी आजवर कितीजणींना सांगितलं असेल कोण जाणे. सवय झालेली दिसत नव्हती. त्या खाली न बघता तशाच बसून राहिल्या.

शालीतला एक हात हळूहळू बाहेर आला.